मागच्या दाराची वकिली

वकिलाच्या घरातले किस्से साचतात ते स्वयंपाकघरात. बैठकीत फक्त निकाल ऐकू येतो, मजकूर सगळा मागच्या दारी. अकोल्याला माझ्या भावाची वकिली चालायची, तेव्हा आपण मध्यप्रांत-वऱ्हाडात होतो. नवऱ्यापासून सुटायला आलेल्या बाया पुढच्या दारानं कधीच यायच्या नाहीत, त्यांना लाज वाटायची. डोक्यावर भाजीची टोपली घेऊन यायच्या, म्हणजे गल्लीला वाटावं माळीणच आली.

एकदा वहिनीनं अशाच एकीशी घासाघीस करून सगळी मेथी घेऊन टाकली. ती बिचारी संकोचानं काही न बोलता निघून गेली. पुढच्या आठवड्यात रिकाम्या हातानं आली आणि उंबऱ्याशी बसली.

"बाई, आज भाजी नाई आणली. मांगच्या खेपेले तुमी मेथी घेतली, अन् माह्यं सांगणं राहूनच गेलं."

*

आमच्यात काडीमोडीची रीत. पंचांसमोर नवरा-बायकोच्या मधे गवताची काडी मोडली की दोघं मोकळे, हीच फारकत. एका पोरीचा नवरा मागाहून कोर्टात उलटला, म्हणे फारकत झालीच नाही. भावानं तिच्या बापाला बजावलं, पुरावा आणा. म्हातारा तारखेला मोडलेली काडी धोतराच्या सोग्यात बांधून हजर!

समोरचा वकील म्हणाला, "फारकत गेल्या उन्हाळ्यातली, मग काडी हिरवी कशी?"

"जुनी कुठून आणू साहेब? ते तं बैलानं खाल्ली."

सारं कोर्ट हसलं. रात्री जेवताना भावानं सांगितलं तेव्हा आम्हीही पोट धरून हसलो. वाढता वाढता माझ्या लक्षात आलं, की ती पोर अजून मागच्या दारातच बसून सगळं ऐकते आहे. मग मला कोणाच्या तोंडाकडं बघवेना.

*

बायकोनं पोटगी मागितली की ती टाळायला नवरे एकच वाक्य पाठ करून येत: "मी तिले ठेवायले तयार आहो." एकाला मॅजिस्ट्रेटनं विचारलं, "मनापासून?"

"नाई जी. वकीलसायबानं सांगतलं म्हणून."

"आणि त्यांनी सांगितलं नसतं तर?"

"मंग कायले ठेवू? दुसरी हाये ना घरी."

*

एकीचा हात नवऱ्यानं पिरगाळून मोडला होता. कोर्टानं विचारलं, फिर्याद कोणावर? बाई नाव घेईना. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. भाऊ वैतागून म्हणाला, "अहो, त्यानं तुमचा हात मोडला आहे."

"मोडू द्या जी. त्याचं आयुष्य कायले मोडू?"

शेवटी झोळीतला हात तसाच ठेवून तिनं दुसऱ्या हातानं नवऱ्याकडं बोट केलं, तेही भिंतीकडं तोंड करून.

*

तुम्ही म्हणाल, तू तिथं काय करत होतीस? भाऊ आल्यागेल्याला सांगायचा, बहीण माहेरपणाला आली आहे. हे माहेरपण इतकं लांबलं, की मी आले तेव्हा परसात लावलेलं संत्र्याचं कलम फळाला आलं. पाहुणे विचारायचे, "कधीपर्यंत आहेत?" भाऊ पानाचा डबा पुढं करायचा आणि मी मान खाली घालून आत पळायची.

माझ्या नवऱ्यानं दुसरी आणली होती. मला ठेवलं होतं गोठ्यालगतच्या खोलीत. फारकत झाली नव्हती, म्हणून दर सणाला बाळापूरहून सासरचा माणूस मला न्यायला यायचा, आणि तो जाईपर्यंत मी कोठीच्या खोलीत कडी लावून बसायची. एकदा धीर करून म्हटलं, "भाऊ, माही बी केस घे ना."

"वकिलाची बहीण कोर्टात? माले तोंड दाखवाले जागा राहीन का?"

वहिनी मात्र हटून बसली. शेवटी ठरलं की कोर्ट नको, बाळापूरला पंचांपुढं गुपचूप काडी मोडायची.

*

गुपचूप कसलं, अर्धं बाळापूर जमलं होतं! भाऊ म्हणाला, "तू हो समोर, मी आलोच मांगून." मी पारापुढं जाऊन उभी राहिले. समोर नवरा. पाटलांनी काडी हातात घेतली आणि विचारलं, "बाईकडून कोण हाय? माहेरचं माणूस हो म्हनल्याबिगर काडी मोडत नसते."

कोर्ट दणाणून सोडणारा आवाज कुठंच ऐकू येईना. पाटलांनी पुन्हा विचारलं. नवरा हसला. "कोनीच नाई आलं तुह्यासाठी. चाल घरी."

पाटील काडी खाली ठेवू लागले. मी मागं वळून पाहिलं. निंबाच्या गार सावलीत, सगळ्या गर्दीच्या शेवटी, एकच माणूस छत्री उघडून उभा होता.

"आला हाये जी माहा भाऊ," मी म्हटलं, "थ्या छत्रीमांगं."