हौसाबाईंच्या वाक्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी शेजारणींची भांडणंसुद्धा शब्दन्‌शब्द ऐकवते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. इंदिरानगरहून मी कळवणकडच्या खेड्यांत जायचे, रक्तदाब मोजायला. परदेशी मदतीवर चाललेलं काम. लकव्यानं, हार्टअटॅकनं माणसं अकाली जाऊ नयेत म्हणून घरोघर दाब तपासायचा, जास्त निघाला की फुकट गोळ्या सुरू करायच्या. काम चांगलंच होतं हो. वाईट मी होते.

तिथल्याच एका घरातल्या हौसाबाईंच्या दोन्ही दंडांत चांदीच्या वाक्या — लग्नात घातलेल्या, आता मांसात रुतलेल्या. दाब मोजायचा पट्टा गुंडाळायचा कुठे? "साबण लावून काढते की ताई, थांबा जरा," त्या म्हणाल्या. मला दीडची एसटी गाठायची होती. म्हटलं, राहू द्या मावशी. आणि कार्डावर लिहिलं — १२०/८०.

न मोजता! सहा महिन्यांनी परत गेले, तेव्हाही तेच. आधीचा आकडा समोर होताच. एवढ्या ठणठणीत बाईला काय होणार, असं मनात म्हटलंसुद्धा. काय ही मस्ती?

तिसऱ्या फेरीला ओट्यावर त्यांचे यजमान एकटेच बसलेले. हौसाबाई महिन्यापूर्वी गेल्या होत्या. लकवा. दवाखान्यात वाक्या कापून काढल्या, तेव्हा कुठे दाब मोजता आला. डॉक्टर म्हणाले, एवढा वाढलेला दाब कित्येक वर्षांचा असणार.

पण पुढचं ऐका — त्या बाबांनी बंडीच्या खिशातून मी लिहिलेलं तिचं कार्ड काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं. "तिचं डोकं लय दुखायचं, ताई. दवाखान्यात चल म्हटलं की हे दाखवायची. म्हणायची, ताईंनी बरोबर लिवलंय, मला काय बी नाय झालं."

अरे देवा! म्हणजे मी तिच्या घरी गेलेच नसते, तर ती दवाखान्यात गेली असती?

तिथंच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं का मी? नाही. कार्डावरची माझीच सही बघत बसले.

बाबांनी बाही वर सरकवली. "आता माझा बघा," म्हणाले, "तुमच्यावर भरवसा हाय."

मी मोजला, लिहिला, आणि दीडची एसटी गाठली.