शिरस्तेदारांचं केकताड

धोंडप्पा शिरस्तेदार पेन्शनीत निघाले आणि आमच्या पेठेचं नशीब फुटलं. जन्मभर कचेरीत कारकुनांना झापलेलं. आता झापायला उरलं कोण? बायको बसम्मा, आणि दारातली एक कुंडी.

कुंडीत पुण्याहून आणलेलं झाड होतं. जाडजूड पानं, पिवळे काठ, टोकाला दाभणासारखा काटा. "अगेव्ह म्हणतात याला. अमेरिकेचं हाय," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून सांगायचे. शेळीचं दूध घालायला येणारी गोजाबाई धनगरीण कुंडीपाशी वाकली आणि खो खो हसत सुटली. "आगं बया! ह्ये तर केकताड की वो! आमच्या बांधावर लई हाय. ह्येच्या वाखाचे दोर वळतो आमी."

झालं! चार लोकांत नाक कापलं. त्या दिवसापासून गोजाबाई शिरस्तेदारांच्या डोळ्यांत सलायला लागली.

साल एकतीस असेल, नाहीतर बत्तीस. आदल्या पावसाळ्यात पावसानं दडी मारली होती. पेठेतल्या आडांनी तळ गाठला, शिरस्तेदारांच्याच आडाला तेवढं पाणी. गोजाबाई रिकामी घागर घेऊन आली. "मालक, एक घागर द्या. करडं माना टाकायलीत."

"अगेव्हला रोज दोन घागरी लागतात. परदेशी जीव हाय तो," म्हणाले, आणि आडाच्या झाकणाला कुलूप ठोकलं. चैत्रात लोक पाणपोया घालतात, आणि हा बाबा कुलूप घालतो! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण भिंतीला भिंत लागून घर, रोज तोंड बघायचं, म्हणून गप्प बसले.

किल्ली त्यांच्या करदोड्याला. दुपारच्या जेवणानंतर ती बसम्माच्या हाती यायची, झाडाच्या पाण्यापुरती, आणि शिरस्तेदार घोरायला लागायचे. बसम्मा दोन घागरी शेंदायची आणि मागच्या दारानं थेट गोजाबाईला द्यायची! मग ओल्या फडक्यानं झाडाची पानं पुसायची आणि मातीवर चार थेंब शिंपडायची. मी माडीवरून बघायची. एकदा नजरानजर झाली, तशी तिनं ओठांवर बोट ठेवलं. मी म्हटलं, "बाई, मला कुठं काय दिसतंय?"

दोन वर्षांत झाड असं फोफावलं की कलेक्टरसाहेबाच्या बंगल्यातल्या झाडांच्या प्रदर्शनात पहिला नंबर! गोऱ्या साहेबानं विचारलं, याला घालता काय? "पाणी, साहेब! घरच्यांच्या तोंडचं काढून घातलं." सर्टिफिकेटावर तसंच लिहून आलं, नेमानं पाणी घातल्याबद्दल. मी तोंडात पदर कोंबला.

पण हरभऱ्याच्या झाडावर चढलेला माणूस खाली उतरतो होय? "आता रोज तीन घागरी, आणि मी स्वतः घालणार!" किल्ली कमरेची सुटेना. गोजाबाई तीन दिवस मागच्या दारी बसून परत गेली. चौथ्या दिवशी आली ती रडतच आली. दोन करडं गेली होती. बसम्मा तिच्याशेजारी उंबऱ्यात बसून राहिली.

महिन्याभरात झाड बुडातून सडलं. पान ओढलं की हातात यायचं, आणि वास तर विचारू नका. शिरस्तेदार कुंडीपुढं उकिडवे बसले. "काय कमी पडलं गं याला? तीन-तीन घागरी घातल्या की!"

बसम्मानं जन्मात त्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही. "दोन वर्सं मी त्याला पाणीच घातलं न्हाई. गोजाबाईची करडं प्याली. करडं जगली, झाडबी जगलं. तुमी पाणी घातलं, आन् दोनी मेली."

बसम्मानं हात पुढं केला. शिरस्तेदारांनी करदोड्याची गाठ सोडली.

ती किल्ली आता बाहेरच्या खोलीत, सर्टिफिकेटाच्याच खिळ्याला लटकते. गोजाबाई येते, आपल्या हातानं काढून घेते, पाणी शेंदून परत लावते. पाहुणा सर्टिफिकेट वाचायला उभा राहिला, की शिरस्तेदार त्याला घाईघाईनं चहाला आत नेतात.