आतून लावायची कडी

बाई गेल्याची बातमी मला फोनवर आली नाही की कोणी धावत येऊन सांगितली नाही. ती आमच्याच घराच्या मागच्या खोलीतून आली, पहारीने दार फोडल्यावर. त्याला आता दीड महिना होईल. बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. इंझोरीला आमचा भाजीचा मळा आहे, दोन भावांचं एकत्र घर आहे, आणि या घराचा सगळा कारभार बाईंच्या हातात होता असं तेरवीला आलेली माणसं म्हणत होती. मला मनातून हसू आलं. कारभार बाईंच्या हातात नव्हता, बाईच कारभाराच्या हातात होत्या. पहाटेपासून घरात एकच शब्द घुमायचा. बाई, सुतळी कुठं हाय? बाई, मोटार चालू होऊन नाई राह्यली. बाई, गिऱ्हाईक आलं. त्यांचं नाव शांता आहे, हे मला लग्नानंतर कितीतरी दिवसांनी आमच्याच लग्नपत्रिकेवरून कळलं.

काही वर्षांपूर्वी गावात समाजमंदिरात योगाचं शिबिर भरलं तेव्हा वाकून वाकून त्यांची कंबर पार गेली होती. वाशिमहून एक मास्तर आले होते, मोठे हसतमुख. ते म्हणाले, सूर्योदयाआधीची वेळ सगळ्यात चांगली, पोट रिकामं हवं. बाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, त्या वेळेला आम्ही सांबार आणि मेथी उपटतो, ऊन चढलं की पाला मान टाकतो. (सांबार म्हणजे कोथिंबीर, तुमच्यापैकी जे वऱ्हाडातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते.) बरं, मग संध्याकाळी करा, मास्तर म्हणाले. संध्याकाळी लाईन आली की मोटार लावून पाणी द्यायचं, मग स्वयंपाक, बाई म्हणाल्या. रात्री जेवणानंतर तर चालतच नाही. मास्तर जरा अडकले. बाईंनीच विचारून विचारून वाट काढली. दिवसातून एकदाच केलं तर चालेल का? चालेल. दुपारी? चालेल, पण जेवून नको, आणि रोज तीच वेळ, तीच जागा ठेवा. झालं. त्या दिवसापासून बाईंनी दुपारचं जेवण मागे ढकललं. सगळ्यांना वाढून, भांडी उरकून तीन वाजता त्या उपाशीच तासभर मागच्या खोलीत जायच्या आणि बाहेर आल्यावर थंड भाकर खायच्या. त्या तासाचं मोल त्यांनी असं दिलं.

पण खरी गंमत पुढेच आहे. घरी येऊन बाईंनी ओसरीवर सगळ्यांना ऐकवलं, "मास्तरनं सांगतलं, आसनात असली का कोनी हाक माराची नाई. हाक मारली तं जीव वरच्या वर राह्यते." मी शिबिरात त्यांच्या शेजारी बसले होते. मास्तर असं काही म्हणाले नव्हते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं... आणि मी म्हटलं, हो, म्हणाले. त्या खोलीला कडी होती ती बाहेरून. दुसऱ्याच दिवशी भासऱ्यांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, बाजारातून नवी कडी आणून आतून ठोकली, एक शब्द न बोलता.

आत त्या काय करत, हे मला माझी आई गेली तेव्हा कळलं. मला रडायलाही जागा नव्हती, घरभर माणसं. बाईंनी मला ओढून आत नेलं. भाजीच्या रिकाम्या कॅरेटांच्या मधे सतरंजी अंथरलेली होती. मला वाटलं आता काही शिकवतील. त्या सरळ उताण्या पडल्या आणि डोळे मिटले. पहिले काही महिने सगळी आसनं केली म्हणे, कंबरही सुधारली, मग एकेक सुटत गेलं आणि शवासन तेवढं उरलं. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "इथं अंग ढिलं सोडलं ना, का मी कोनाचीच कोनी नाई." मी त्या दिवशी पोटभर रडले. त्यांनी मला गप्प केलं नाही.

बाई गेल्या त्या दिवशी तास उलटला तरी त्या बाहेर आल्या नाहीत. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, हाक मारायला तोंड उघडलं, तर मीच अडवलं. पडू द्या म्हटलं, आज जरा जास्त. चहा निवला. पुन्हा ठेवला. डॉक्टर म्हणाले, झटक्यात गेल्या, हाक मारूनही उपयोग नव्हता. ते मला ऐकू येतं, पण पटत नाही. त्या खोलीच्या आत त्यांना कोणी हाक मारू नये म्हणून मी इतकी वर्षं खोटं बोलले... आणि ते खोटं शेवटपर्यंत पाळलं गेलं.

आता घरात "बाई" ऐकू येत नाही. आता "काकू" ऐकू येतं. सुतळी, मोटार, गिऱ्हाईक, सगळं माझ्याकडे आलं. मागची खोली उघडी असते, चौकटीला खिळ्यांची भोकं तेवढी आहेत. घरात आतून कडी लावायची नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. मायेपोटीच ठरवलं, त्यामुळे भांडताही येत नाही. मागच्या आठवड्यात माझा धीर सुटला. आमच्याकडे धाकटी सून भासऱ्यांसमोर बोलत नाही. पण मी पदर सावरला आणि सरळ सांगितलं, मला ती कडी पाहिजे.

ते खाली बघत म्हणाले, "मास्तर तसं म्हनलाच नव्हता. शिबिरात मी तुमच्या मांगच उभा होतो."

मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हनून तं कडी लावून देल्ली होती. आता माह्यानं नाई होत."

मला त्यांची दया आली, आणि रागही आला. दिवसभरातल्या सगळ्यात जास्त हाका त्यांच्याच असत. बाईंना सुटका हवी होती हे ठाऊक होतं, तर एकच तास का?

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी दार नुसतं लोटून सतरंजीवर पडले. बाहेर बाज ओढल्याचा आवाज आला. ह्यांनी अंगणातून काहीतरी विचारलं, तसे भासरे म्हणाले, "हाक नको मारू. आसनात हाय."

तेव्हापासून ते रोज दाराला पाठ लावून बसतात. मी जेवण मागे ढकलते, पडते, अंग ढिलं सोडते, कोणाचीच कोणी नसण्याच्या अगदी जवळ पोचते... आणि बाहेर भासरे खाकरतात.

"हाय मी अजून," मी म्हणते.

थोड्या वेळाने ते पुन्हा खाकरतात.