अर्धी जुडी

"वास गेला ना भाऊ, आता जास्त भ्या लागते," असं म्हणत आमच्या मॅडम वाळलेल्या गाळाचं ढेकूळ थेट नाकाशी न्यायच्या. नवा माणूस दचकून मागे सरकायचा आणि मॅडम खुशीत हसायच्या.

अकोल्याजवळच्या एका सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात त्या लॅबच्या प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, जे आलं की साहेबसुद्धा सावरून बसतात. मॅडम जठारपेठेतून स्कूटीवर येत, डबा खिडकीत ठेवत, आधी गाळाची चौकशी करत आणि मग आमची.

त्याच खिडकीत त्यांची कुंडी असे. नव्या गाळात त्या मेथी पेरत. ती अशी माजायची की बघणाऱ्याचा हात आपोआप पुढे जाई. "हात नका लावू! ते भट्टीची हाय," त्या ओरडत. मग मेथी वाळवायची, भट्टीत राख करायची आणि त्या राखेत शिसं, कॅडमियम असे विषारी धातू किती उतरलेत ते तपासायचं.

माझा दादा बाळापूरकडे भाजीपाला पिकवतो. आमच्याकडे गाळाचे ढीग पडलेत कळल्यावर तो खतासाठी ट्रॅक्टर घेऊनच हजर झाला. कुंडी पाहून हरखला. "अशी मेथी मी कधी पाह्यली नाही. भरा ट्रॉली!"

"तिची राख पाहा, मंग बोला," मॅडम म्हणाल्या. "घाण सडते, जंतू मरतात. शिसं कुठी जाईन? पाणी साफ होते अन् ते गाळात बसते."

"आपली काळी माती धरून ठेवते ना सगळं."

"धरते. तुमी दरसाल टाकान, ते दरसाल धरन. अन् पालेभाजी थोडं थोडं वढत राहीन. घरी कोण हाय खाणारं?"

दादानं ट्रॉलीचं फळकं परत लावलं. वहिनीला दिवस गेले होते आणि डोहाळेही नेमके मेथीचेच. तरी जाताना त्यानं रिकामी ट्रॉली अशी आदळत नेली की केंद्रभर ऐकू गेलं. माझ्याशी बोलणंही बंद.

थंडीत त्यानं शेणखतावरच्या मेथीची जुडी पाठवली, निरोपासकट: "देजो तुह्या मॅडमले. हेही जाळून पाहा म्हणा."

मॅडमनी शांतपणे जुडी सोडली. "अर्धी भट्टीले, अर्धी पोटाले."

"मॅडम, रिपोर्ट तर येऊ द्या!"

"तुमच्या भावावर भरोसा हाय मले. भट्टी त्याच्या समाधानासाठी."

दुसऱ्या दिवशी दादासाठी मॅडमच्या डब्यातून भाकर आणि मेथीची भाजी आली. तेव्हापासून दर थंडीत जुडी येत राहिली आणि अर्धी होत राहिली.

गेल्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. आभार मानायचे राहूनच गेले. मानले असते तर म्हणाल्या असत्या, "कावून? मी काय केलं?"

परवा दादाच्या शेतावर गेलो होतो. माझी पुतणी बांधावर बसून मेथीची पानं खुडत होती आणि न धुताच तोंडात टाकत होती. मी तिला थांबवलं नाही.