न मागितलेली सही

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आईला तर तिच्या शेवटच्या आजारपणातही नाही — आणि ती माझं नुसतं तोंड पाहून सगळं ओळखणारी बाई होती. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या दुकानात येऊन माझ्याकडे बघत उभे राहणार नाही. याच्याहून बरं कारण माझ्याकडे नाही.

गेल्या आठवड्यात हर्षाचा फोन आला. हर्षा माझी भाची, मोठ्या बहिणीची मुलगी. ती चार वर्षांची असताना ताई गेली, तेव्हापासून आमच्याच घरी वाढली. आता नागपूरला नोकरी करते, लग्नही झालं. म्हणाली, "मामाजी, पासपोर्ट काढून ठेवा. मे महिन्यात सिंगापूरले जाऊन राहिलो आपण सगळे." सगळे म्हणजे ती, तिचा नवरा, मी, तिची मामी आणि माझी दोन्ही मुलं. तिथला तो मोठा थीम पार्क बघायचा आहे तिला. मी आधी दर विचारला — दुकानदार माणूस, दुसरं काय विचारणार? तिनं सांगितला आणि मी खुर्चीत नीट सावरून बसलो. बारा-तेरा वर्षांत काय वाढलेत भाव! विमानाचं भाडं सकाळी एक, संध्याकाळी एक. पार्कात नुसतं आत शिरायचे पैसे सुट्टीच्या दिवसांत वेगळे. रांग टाळायची तर त्याचे आणखी वेगळे. "एवढा पैसा कायले घालवतं बाई?" मी म्हटलं. ती हसली. म्हणाली, "लहानपणी राहून गेलं ना माझं. आता कोणाची सही लागत नाही."

ती सही तिच्या अजून लक्षात आहे. का नसावी?

मागचं सांगतो. केशोरीकडे माझं कृषी केंद्र आहे — धानाचं बियाणं, खत, औषधं. आमच्या धंद्यात कंपन्या स्कीम देतात. ठरल्याइतका माल उचलला की टूर लागते. शेजारच्या गावचा एक दुकानदार बँकॉकला जाऊन आला होता, आणि तेव्हापासून तो सरळ चालतच नाही असं मला वाटायचं. मग एका वर्षी मलाही सिंगापूर लागलं. नवरा-बायकोचा खर्च कंपनीचा. मुलं न्यायची तर आपल्या खिशातून. मी घरी आलो आणि मोठ्या ऐटीत सांगून टाकलं — तिन्ही पोरं येणार. तिन्ही म्हणजे माझा मुलगा, माझी मुलगी आणि हर्षा. मी तिच्यात आणि माझ्या पोरांत कधी फरक केला नाही, असं गावात सगळे म्हणायचे. मला ते ऐकायला आवडायचं. खूप आवडायचं.

पोरांनी अंगणात बाज आडवी करून तिचा, तिकडच्या पार्कात असतो तसा, झुला बनवला होता. हर्षा सगळ्यांत मोठी, ती दारात उभी राहून तिकिटं फाडायची आणि धाकट्यांना रांगेत उभं करायची. स्वतः कधी बसायची नाही. म्हणायची, मी तिकडच्या खऱ्यात बसीन.

टूर दिवाळीत होती. कंपनीनं ती पुढे ढकलून मे महिन्यात नेली. मे म्हणजे सगळ्यांच्या सुट्ट्या. गोंदियाचा एजंट रोज फोन करायचा, "भैया, आज का रेट कल नहीं मिलेगा." आणि खरंच नाही मिळायचा. त्यात मधल्या काळात हर्षाला बारा वर्षं पूर्ण झाली. बारा झाली की विमानात पोर मोठ्या माणसात धरतात, हे मला कुठे ठाऊक? पार्कातही तेच, हॉटेलातही तेच. दोन पोरं आईबापाच्या खोलीत खपत होती. तिसरी, आणि तीही मोठी — म्हणजे दुसरी खोली. एजंटनं आकडा सांगितला आणि म्हणाला, "एक कम कर लो भैया, तो पूरा हिसाब बैठ जाएगा."

मी त्याला रागावलो नाही. इथं थांबून हे सांगायला हवं — मला राग आलाच नाही. मी मनात बसवून पाहिलं. कोण कमी?

आता भाऊजींबद्दल. भाऊजी म्हणजे हर्षाचे वडील. ट्रक चालवायचे, तांदूळ घेऊन रायपूर-नागपूर. बायको गेल्यावर चार वर्षांची पोर ट्रकमध्ये कशी सांभाळणार? म्हणून आमच्याकडे ठेवली. दुसरं लग्न केलं नाही. जमेल तेव्हा यायचे. कधी बांगड्या, कधी पेरू, कधी नुसतेच. हर्षा रस्त्यावरून ट्रकचा आवाज आला तरी दाराकडे पळायची. मितभाषी, सरळ माणूस. हे मुद्दाम सांगतोय — ते वाईट असते तर मला बरं झालं असतं.

हर्षाच्या पासपोर्टला त्यांची सही लागत होती. ते त्या आठवड्यात देवरीला हायवेच्या ढाब्यावर गाडी दुरुस्तीला लावून थांबले होते. मी घरी सांगितलं, सही घेऊन येतो. हर्षानं मला स्वतः पेन आणून दिला. मी मोटारसायकल काढली, चिचगडपर्यंत गेलो. तिथून देवरी काही लांब नाही. एका टपरीवर चहा घेतला. मग दुसरा घेतला. मोहफुलं वेचायचे दिवस, बाया टोपल्या घेऊन जंगलातून परतत होत्या, त्यांच्याकडे बघत बसलो. भाऊजींनी सही केली असती. ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून केली असती, आणि वर मलाच जेवू घातलं असतं. म्हणूनच मी पुढे गेलो नाही. गेलो असतो तर सही मिळाली असती — आणि मला ती नकोच होती.

चिचगडहून परत फिरलो. घरी येऊन हर्षाला म्हटलं, "तुझे बाबा नाही म्हणाले."

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ — नाही, तेही नाही. पण मी थांबलो नाही, हे खरं. तिनं विचारलं, "काऊन?" आणि मला काहीतरी उत्तर द्यायचं होतं. दुकानदाराला उत्तर लगेच सुचतं. मी म्हटलं, "म्हणाले, पोरीच्या जातीवर कायले एवढा खर्च."

भाऊजी असं कधी म्हणाले नव्हते. म्हणणारे नव्हते. ते वाक्य माझं होतं. मी ते त्यांच्या तोंडात घातलं, तेही त्यांच्या बोलण्याच्या पद्धतीनं, हळू आवाजात — खरं वाटावं म्हणून.

"बाबानं असं म्हटलं?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. ती रडली नाही. पेन माझ्या खिशातून काढून घेतला आणि दप्तरात ठेवला. बायको भाऊजींवर संतापली, आई उठून आत गेली. मी? मी भाऊजींची बाजू घेतली हो. "जाऊ द्या, त्यांचीही काही मजबुरी असेल," असं म्हणालो. सगळ्यांना मी किती मोठ्या मनाचा वाटलो असेन!

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. वयानं लहान असली तरी. भाची घरात देवाच्या ठिकाणी. प्रवासाला निघताना तर पडायचंच. सामान गाडीत टाकलं, आईनं हाक मारली, "हर्षा, इकडे ये, मामा पाया पडते." ती आली, पाय जुळवून उभी राहिली. तिच्या पायात नवीन बूट होते — तिकडे चालायचं म्हणून महिनाभर आधी घेतलेले. ते तिनं त्या दिवशी घरातल्या घरात घातले होते. मी वाकलो. त्या बुटांना हात लावून कपाळाला लावला. तिनं रीतीप्रमाणे माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बरोबर जा, मामाजी." मी तेव्हाही सांगू शकलो असतो. तिकीट मिळालं नसतं, पण तिचा बाप तिच्याकडे राहिला असता. सांगितलं नाही. गाडीत बसलो.

तुम्ही म्हणाल, परवडत नव्हतं, काय करणार. हेच मी वर्षानुवर्षं स्वतःला ऐकवत आलो. पण त्याच उन्हाळ्यात मी दुकानाला काचेचं दार आणि एसी बसवला होता. आणि त्या पार्कात काय केलं माहीत आहे? रांगा पाहून माझं डोकं फिरलं, तर रांग टाळायची तिकिटं घेतली, चौघांचीही. झुल्यावर घाबरलेल्या चेहऱ्यांचे फोटो काढून विकतात, ते घेतले. प्लास्टिकचा एक किल्ला घेतला, जो गोंदियाच्या स्टेशनवर उतरेपर्यंत मोडला. हर्षाचे वाचवलेले पैसे तिथं दोन दिवसांत उडाले. माझी मुलगी एका झुल्यात बसायला तयार होईना. म्हणाली, हर्षाताई असती तर तिच्याजवळ बसले असते. मी तिला आइस्क्रीम घेऊन दिलं.

मग पैशासाठी केलं का हे? सुरुवात पैशानं झाली, खोटं नाही. पण कमी कोणाला करायचं, हे पैशानं ठरवलं नाही. मुलाला मागे ठेवलं असतं तर बायकोनं घर डोक्यावर घेतलं असतं. मुलीनं जेवण सोडलं असतं. हर्षा काही बोलणार नव्हती. आमच्या घरात ती कधी काही मागायची नाही, दुसरी पोळीसुद्धा विचारल्यावर घ्यायची. ती रडणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणून ती. आणि ते तिला सांगायची माझी छाती नव्हती, म्हणून तिचा बाप.

भाऊजी पुढच्या दिवाळीनंतर आले, मंडईच्या म्हणजे आमच्या गावच्या जत्रेच्या दिवशी. तिच्यासाठी हिरवा फ्रॉक आणला होता. हर्षा आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. ते ओट्यावर बसून राहिले. बायकोनं चहा दिला तोही पाहुण्याला देतात तसा. त्यांनी मला विचारलं, "पोरगी नाराज हाये का जी?" मी म्हटलं, "मोठी होऊन राहिली, लाजते आता." आणखी एक. एक सांगितलं की त्याच्या मागून दुसरं सांगावं लागतं, आणि दुसरं सांगताना जीभ अडतही नाही. त्यानंतर ते यायचे, थोडा वेळ बसायचे, जायचे. मग यायचे कमी झाले. पैसे मात्र पाठवत राहिले, तिच्या शिक्षणाला. मी तिला ते सांगितलं नाही. तिला वाटायचं, सगळं मामाच करतो.

तिच्या लग्नात मी म्हटलं होतं, बाबांना बोलावू. म्हटलं, पण कसं? ऐकू जाईल न जाईल असं. ती म्हणाली, "पोरीच्या जातीवर खर्च नको होता ना त्याले. मंग आता तरी कायले त्रास द्याचा?" माझं वाक्य. बारा वर्षांच्या पोरीला दिलेलं, तिनं जसंच्या तसं ठेवलेलं. मांडवात तिनं सगळ्यांसमोर सांगितलं की माझा बाप म्हणजे माझा मामा. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं — आणि ते कशाचं होतं, हे कोणी विचारलं नाही.

परवा भाऊजी दुकानात आले. आता गाडी चालवत नाहीत, नजर गेली थोडी. आमगावला एका खोलीत एकटे राहतात. हर्षा आम्हाला परदेशात नेते आहे, हे त्यांना कोणाकडून तरी कळलं होतं. गिऱ्हाईक होतं म्हणून बाजूला उभे राहिले. मग जवळ येऊन म्हणाले, "तिकडचे झुले लय उंच राहतेत म्हणते. तिले भेव तं नाही लागत?"

मी म्हटलं, "नाही लागत."

"चांगलं हाये," ते म्हणाले. मग थोडा वेळ काउंटरवरच्या पुड्या बघत राहिले. "मी तिच्या मनातून कायनं उतरलो, मले अजून समजलं नाही. माझंच चुकलं असंल काहीतरी. रस्त्यावरच जिंदगी गेली माझी. तुमी केलं सगळं तिचं. तुमचे उपकार हायेत."

त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. दुकानात दोघेच होतो. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी काउंटरवरून पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला आणि म्हणालो, "बसा न भाऊजी." ते बसले नाहीत. बसची वेळ झाली होती.

हर्षानं माझं तिकीट काढलं आहे. खिडकीजवळची जागा मला दिली आहे. मी तिला हो म्हटलं.