आपल्याच गाडीविरुद्ध तक्रार करणारे अंबादासराव

अंबादासराव गोरडे यांचा आणि माझा परिचय संशयातून झाला. गौरवग्रंथात हे लिहावं की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला. पण त्यांच्या साठीनिमित्त गोडगोड लिहिलं, तर सगळ्यात आधी तेच भुवया उंचावतील.

मी श्रीरामपूरच्या एका तंत्रशाळेत वर्कशॉप शिकवत असे आणि सुट्टीच्या दिवशी मोटारस्पर्धांना तांत्रिक तपासनीस म्हणून जात असे. शर्यत संपली की जिंकलेली गाडी उघडायची आणि नियमाबाहेरचं काही बसवलंय का ते शोधायचं, हे माझं काम. गावाबाहेरच्या माळावर मोटारसायकलींची शर्यत होती. बेलापूरचे अंबादासराव तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचे. वडिलांची दूध घालायची जुनी गाडी घेऊन ते आले आणि पुण्याच्या नव्याकोऱ्या गाड्यांना धूळ चारून पहिले आले. मला ते पटलं नाही. मी इंजिन उघडायला सांगितलं.

"उघडा की साहेब," ते म्हणाले. "फकस्त परत म्या बसवनार. तुमच्यावर माजा इस्वास न्हाई."

सिलिंडर मोजला. सगळं नियमात होतं. त्यांनी शेजारी उकिडवं बसून माझ्या हातातला एकेक नट मोजून घेतला. मी मनात म्हटलं, एवढा सावध माणूस काहीतरी लपवत असणार.

पुढे ते डोंगरातल्या मोटाररॅलींत, म्हणजे घाटरस्त्यांवरच्या शर्यतींत, उतरले. त्यांची गाडी तयार करायचे त्यांचे मेहुणे बाळासाहेब. हात सोन्याचा, बोलणं मोजकं. अंबादासराव जिंकत गेले आणि मी त्यांची गाडी दर वेळी इतरांपेक्षा अर्धा तास जास्त तपासत गेलो. त्यांनी कधी तक्रार केली नाही. त्यामुळे माझा संशय आणखीच वाढला.

मग नाशिककडच्या घाटातली ती रॅली आली. हंगामाचं अजिंक्यपद तिच्यावर ठरणार होतं. अंबादासराव पहिले आले. त्या दिवशी गाड्या पुष्कळ होत्या. मी त्यांची गाडी वरवर पाहून कागदावर सही केली. हारतुरे यायला लागले होते, तेवढ्यात ते हेल्मेट काखेत धरून माझ्या टेबलाशी आले.

"साहेब, तुमी नीट बघितलं न्हाई."

"म्हणजे?"

"चढाला गाडी लई वढत हुती. काल अशी वढत नव्हती. आतनं उघडा."

मी सावध झालो. उघडून काही सापडलं नाही, तर हा माणूस माझ्यावरच छळाचा ठपका ठेवणार, असं मला वाटलं. मी नकार दिला. त्यांनी कागद मागितला आणि उभ्याउभ्या स्वतःच्या गाडीविरुद्ध तक्रार लिहून दिली. आता उघडणं भाग होतं. आत कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, दुसराच निघाला, जास्त ताकदीसाठी घासून घेतलेला. बाळासाहेब बाजूला पाठ करून उभे होते.

"कुणी बसवला?" मी विचारलं.

"गाडी माजी हाय," अंबादासराव म्हणाले. "माजं नाव लिवा."

अजिंक्यपद गेलं आणि वर्षभराची बंदी आली. मला मात्र वाटत राहिलं, की हे सगळं त्यांनीच केलं असावं आणि दुसरं कुणीतरी तक्रार करणार हे कळल्यावर साधूपणाचा आव आणला असावा. मी हे चार जणांत बोललोही. आज त्याची लाज वाटते.

बंदी संपल्यावर ते कोइमतूरला ट्रॅकवर गेले. तिथल्या एकाच माणसाने बसायच्या लहान रेसगाड्या आणि त्यांची इंजिनं आयोजकांचीच असत, सीलबंद. कुणाला कोणती गाडी हे चिठ्ठी टाकून ठरे. मीही तिथे तपासनीस होतो. पहिल्या शर्यतीत ते सातवे आले, मग तिसरे, आणि तिसऱ्या शर्यतीत पहिले. मी सील तपासलं. ते माझ्याच हातचं होतं. वेग गाडीचा नव्हे, माणसाचाच, हे मान्य करायला मला इतकी वर्षं लागली.

कॅमशाफ्टचं कोडं उलगडलं ते आणखी उशिरा, ट्रकच्या शर्यतींच्या वेळी. तेव्हा अंबादासराव पन्नाशीकडे झुकले होते आणि भलेमोठे ट्रक वळणावर असे घालत, की पाहणाऱ्याने श्वास रोखावा. बाळासाहेब टायरांपाशी माझ्या शेजारी येऊन बसले.

"सर, त्यो कॅमशाफ्ट म्या बसविला हुता," ते एकदम म्हणाले. "दाजींना ठावं नव्हतं. त्यांनी एकदा अजिंक्यपद जिंकावं, एवढंच मनात हुतं. घरी आल्यावर दाजी तायडीला येवढंच म्हनले, की माजी चूक झाली. आजवर तिला खरं ठावं न्हाई."

मी अंबादासरावांना गाठलं. विचारलं, तरी मेहुण्यांना सोबत कसं ठेवलंत?

"बायकूचा भाऊ हाय, टाकून कुटं देऊ? पन इंजिनापाशी येकटा सोडत न्हाई." मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले, "तुमच्या कानावर कुनी घातलं?"

कुणी सांगितलं ते बाजूला ठेवून, चार जणांत मी काय बोललो होतो ते त्यांना सांगून टाकलं. "ठावं हुतं," ते म्हणाले, आणि बसायला स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली. हा लेख लिहिण्याआधी बाळासाहेबांनी बहिणीला सगळं सांगितलं, म्हणून मी ते इथे लिहू शकलो.

आता ते बेलापूरच्या शिवारात ऊसवाहतुकीच्या ट्रक-ट्रॅक्टरचालकांना ब्रेक आणि वळणं शिकवतात. कुणी "समजलं" म्हटलं की लगेच म्हणतात, "मला करून दाव."

गेल्या महिन्यात त्यांनी श्रीरामपूरला रक्त तपासून घेतलं. सगळं उत्तम निघालं. त्यांना पटलं नाही. दुसऱ्या ठिकाणी पुन्हा तपासून घेतलं. तेही उत्तम. काल मला फोन करून विचारत होते, "साहेब, दोगंबी चुकले नसतील ना?" अंबादासराव, आपण शंभरी गाठावी, आणि तोवर दर वर्षी ही शंका आपल्याला अशीच छळत राहावी.