सोडलेल्या माशाचे गुण

रामटेके सिस्टरांची आणि माझी पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. त्यांच्या हातात झाकण नसलेली निळी बादली होती. दार बंद झालं, बादलीत काहीतरी जोरात फडफडलं आणि माझ्या ऑफिसच्या कपड्यांवर पाणी उडालं. मी वाकून पाहिलं तर आत एक काळपट, लांबोडका मासा माझ्याकडे रोखून पाहत होता. मी शाकाहारी घरात वाढलेली. दचकून भिंतीला टेकले.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "तो चावत नाही. मी चावते कधी कधी."

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीत तेव्हा आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. खराडीतलं माझं ऑफिस तिथून जवळ पडायचं. सिस्टर वरच्या मजल्यावर एकट्या राहत. सत्तरीच्या आसपासच्या, सावळ्या, काटक. सुती साडी खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट आणि डोक्यावर मुलाची जुनी क्रिकेटची टोपी. उभा जन्म नागपूरच्या सरकारी इस्पितळात ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून गेला होता. निवृत्तीनंतर मुलाजवळ, मिलिंदजवळ, पुण्याला आल्या आणि वर्षभरात मिलिंदच कॅनडाला गेला. "मी आली त्याच्याजवळ, अन् तो गेला माझ्यापासून," असं त्या सांगायच्या. त्यात तक्रार नसे. गाडी चुकल्यावर माणूस सांगतो तसं सांगत.

माहेर भंडाऱ्याकडचं, तलावाच्या काठचं. वडिलांनी त्यांना चालायच्या आधी गळ टाकायला शिकवलं, असा त्यांचा दावा होता. सोसायटीत कोणीतरी एकदा त्यांना मुद्दाम विचारलं, "तुम्ही बौद्ध ना? मग मासे कसे मारता?" सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "तळ्याकाठची माणसं आहो आम्ही. खाईन तेवढंच मारीन, हे माझं मी ठरवलं आहे. तुमचं तुम्ही ठरवा." विचारणाऱ्या बाईंनी पुढे कधी त्यांना काही विचारलं नाही.

आमच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी मुलं जमत आणि खांबांना टेकून मोबाइलमध्ये डोकी घालून बसत. सिस्टर जाता-येता त्यांच्याकडे पाहत. एके दिवशी त्यांनी पार्किंगच्या भिंतीला एक काळा फळा ठोकला आणि त्यावर खडूने लिहिलं: 'शिकार, गळ, सापळा. वर्षभराची स्पर्धा. पोहता येणाऱ्यांनीच यावे. मोबाइल घरी ठेवून यावे.'

फळ्याखाली लगेच गर्दी झाली. पहिला आक्षेप बापटांचा. ते सोसायटीच्या समितीवर होते आणि त्यांचा मुलगा अथर्व दहावीत होता.

"शिकारीला कायद्याने बंदी आहे, याची आपल्याला कल्पना असेलच," बापट म्हणाले.

"आहे ना. म्हणून तर शिकार रिकाम्या हातानं करायची," सिस्टर म्हणाल्या. "उसात मुंगूस आहे, ससा आहे. त्याले कळू न देता त्याच्या जवळ जायचं, डोळे भरून पाहायचं अन् तसंच मागं यायचं. तो पळाला तर गुण नाहीत."

"आणि तो पळाला नाही, हे कोण सांगणार? ससा?"

"जो जाईल तो सांगंल."

बापट हसले. पण अथर्वचं नाव फळ्यावर आधीच लागलं होतं.

मासे पकडायला पाणी हवं, आणि नदीच्या पाण्याकडे पाहून सिस्टर नाक मुरडत. त्यांनी जवळच्या ऊसमळ्याच्या मालकांना, तात्यांना गाठलं. तात्यांचं मोठं शेततळं होतं, त्यात त्यांनी मासे सोडले होते. आणि उसात उंदरांनी उच्छाद मांडला होता. सौदा ठरला. मुलांनी उसात पिंजरे लावायचे, त्या बदल्यात तळ्यावर गळ टाकायचा. तात्या मला एकदा म्हणाले, "बाई लई कडक हाय. माझ्याच तळ्यावर मला इचारती, तुमाला पवता येतं का म्हनून."

कडक होत्याच. शेततळ्याच्या आतलं प्लॅस्टिक निसरडं असतं, त्यात पडलेला माणूस सहज वर येत नाही. म्हणून सिस्टरांनी कडेने दोर बांधून घेतले, टायरच्या हवा भरलेल्या ट्यूब ठेवल्या आणि गळाला हात लावायच्या आधी प्रत्येकाला दोर धरून बाहेर यायला लावलं. आषाढात गळ बंद. "बायांचं पोट भरलेलं आहे, त्यांना त्रास नाही द्यायचा," असं त्या माशांच्या माद्यांबद्दल बोलत, जणू इस्पितळातला प्रसूतीचा वॉर्डच तो. त्या दिवसांत फक्त उंदरांचे पिंजरे. आणि वर्षभर लागू असलेला नियम असा, की अंड्यांवर आलेली मादी गळाला लागली तर तिला सोडायचं. पकडलेल्या माशाला जितके गुण, सोडलेल्या माशाला त्याच्या दुप्पट.

माझी मुलगी सई तेव्हा आठवीत होती. आदल्या वर्षी शाळेत तिच्यावर कॉपी केल्याचा आळ आला होता. तिच्या बाकाखाली कोणाचा तरी कागद सापडला. तिने परोपरीने सांगितलं, आम्ही शाळेत जाऊन भांडलो. शेवटी शाळेने 'या वेळी सोडून देतो' म्हटलं. सोडून दिलं, पण खरं मानलं नाही. आम्ही शाळा बदलली, घर बदललं. सई मात्र बोलेनाशी झाली. विचारलं तेवढंच उत्तर. जेवलीस? हो. कशी होती शाळा? ठीक. एकेकाळी हिला गप्प कर म्हणून मी देवाला हात जोडायचे, हे आठवून मला भरून यायचं.

स्पर्धेत जायचं तिने स्वतः ठरवलं. मी सिस्टरांना भेटून म्हणाले, "ती फार बोलत नाही हो."

"मग मासे तिच्याकडंच येतील," सिस्टर म्हणाल्या. "बडबडे पोट्टे तळ्यावर काही कामाचे नसतात."

त्या हिवाळ्यात बापट स्वतः तळ्यावर पाहणी करायला आले. सुरक्षेची व्यवस्था पाहतो म्हणाले. पाहता पाहता अथर्वची काठी हातात घेऊन "अशी नाही, अशी धरायची" असं दाखवायला गेले आणि गळ त्यांच्याच अंगठ्यात रुतला. मुलं गोळा झाली. सिस्टरांनी त्यांना बांधावर बसवलं आणि विचारलं, "तुमच्या आईचा गुडघा कसा आहे आता?" बापट सांगू लागले, की ऑपरेशन करायचं की नाही यावर घरात दोन मतं आहेत. दुसरं मत सांगायच्या आत गळ सिस्टरांच्या हातात होता. "ऑपरेशन करून घ्या," त्या म्हणाल्या, "अन् उद्या धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. आणि बापटसाहेब, गळ टाकणाऱ्यानं मागं कोण उभं आहे हे पाहावं लागते. तुम्ही सोताच्याच मागं उभे होते." त्यानंतर बापट समितीच्या सभेत स्पर्धेबद्दल बोलताना 'तो प्रकार'ऐवजी 'तो उपक्रम' म्हणू लागले.

वर्ष सरत आलं तसा फळ्यावर अथर्व सगळ्यांत वर आणि त्याच्या खालोखाल सई, अशी स्थिती झाली. उन्हाळ्याची सुट्टी लागली. शेवटून दुसऱ्या रविवारी सिस्टर लहान मुलांना घेऊन एका कडेला बसल्या होत्या, अथर्व आणि इतर समोरच्या बांधावर. सई पाणी उपसायच्या मोटारीच्या खोलीच्या आडोशाला दोर कमरेला बांधून उभी होती. दुपारी सगळे घरी निघाले तेव्हा ती सिस्टरांना म्हणाली, "मोठा रोहू लागला होता. मादी होती. सोडली."

"बरं," सिस्टर म्हणाल्या, आणि संध्याकाळी फळ्यावर सईचं नाव अथर्वच्या वर गेलं.

रात्रीपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्नचिन्हं फिरू लागली. कोणी पाहिलं? फोटो? दुसऱ्या संध्याकाळी फळ्यासमोर आठ-दहा पालक जमले. सई माझ्या शेजारी उभी होती. तिचा चेहरा मी ओळखला. शाळेच्या त्या खोलीत मुख्याध्यापकांसमोर ती अशीच उभी होती. मला तिला उचलून घरी न्यावंसं वाटलं.

बापट म्हणाले, "व्यक्तिशः कोणावर आरोप नाही. पण पुरावा नको का? उद्या मी म्हणेन, मी देवमासा पकडला आणि सोडला. लिहाल?"

"म्हना ना," सिस्टर म्हणाल्या. "मी लिहून घेईन. मग घरी जाऊन शांत झोपून दाखवा."

कोणीतरी हसलं. बापट हसले नाहीत. "हा मुलांवर अन्याय होईल, सिस्टर. नियम पक्का हवा."

"नियम पक्काच आहे. सोडलेला मासा पाहायले कोणी नसते. म्हणून तर त्याले दुप्पट गुण." त्यांनी आवाज जराही चढवला नव्हता. "चाळीस वर्षं मी पेशंटले विचारत आली, कुठं दुखते? तो म्हने इथं. मी कधी म्हटलं नाही, दाखव तुझं दुखणं. ही पोट्टी म्हनते सोडला, तर सोडला. माझ्यापुरता विषय संपला."

तेवढ्यात अथर्व पुढे आला. उंच, नुकती मिसरूड फुटलेला मुलगा. त्याचे कान लाल झाले होते. तो बापाकडे न पाहता म्हणाला, "सिस्टर, ते मुंगूस... मी गेलो होतो जवळ. पण ते पळालं. मी पळालं नाही म्हणून सांगितलं." मग थोडं थांबून, "दोन्ही वेळा."

बापटांनी चष्मा काढून पुसायला घेतला. सिस्टरांनी ओल्या फडक्याने अथर्वचे तेवढे गुण पुसले, हात झटकले आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं. "आज झोप लागंल तुले," त्या म्हणाल्या. "जा, पाणी पी. घसा कोरडा पडला असंल." त्याच्याबद्दल त्या पुन्हा कधी एक शब्द बोलल्या नाहीत. सई जिंकली, अथर्वने तिच्याशी हात मिळवला, आणि बापटांनी सगळ्या मुलांना उसाचा रस पाजला.

त्यानंतर काही दिवसांनी मी सिस्टरांकडे चहाला गेले होते. मनात होतं ते विचारून टाकलं. "सिस्टर, आई म्हणून माझा तिच्यावर विश्वास आहे. पण तुम्ही इतक्या खात्रीनं कसं सांगितलंत?"

"खात्री कुठं होती मले?" त्या म्हणाल्या. "मी काय पाण्यात बसली होती?"

मी कप खाली ठेवला.

"खोटं बोलली असंल तर ते तिले माहीत, अन् ते तिले टोचत राहीन. अथर्वले टोचलं तसंच. पण खरं बोलली असंल अन् मी पुरावा मागतला असता, तर?" त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "एकदा तरी कोणी काही न पाहता आपलं खरं मानलं पाहिजे, बाई. मग माणूस पुढं निभावून नेते."

मी सईच्या शाळेची गोष्ट त्यांना कधीच सांगितली नव्हती. सईनेही सांगितली नव्हती, हे मी नंतर विचारून घेतलं.

पुढच्या वर्षीच्या शाळा सुरू झाल्या, फळा पुसून नवी नावं लागली, आणि श्रावणात सिस्टर आजारी पडल्या. पोटात गाठ निघाली. तपासणीचे कागद डॉक्टरांच्या आधी त्यांनीच वाचले आणि मला म्हणाल्या, "फार दिवस नाहीत. मिलिंदले फोन करा, पण घाबरवू नका. तिकडं गाडी चालवत असते तो." मिलिंद आला. इस्पितळात त्यांच्या उशाशी बसून असे. आई त्यालाच धीर देत असायची. मुलं पाळीपाळीने येत; तिथल्या नर्सना सिस्टर सलाइनची सुई कशी धरायची ते सांगत आणि त्या नर्सही ऐकून घेत. अथर्व आणि बापट रोज संध्याकाळी डबा पोचवत.

भाद्रपदात त्या गेल्या. त्याच्या आदल्या रविवारी मी सईला घेऊन गेले होते. सिस्टर फार बारीक दिसत होत्या, आवाज खोल गेला होता. सई पलंगाच्या कडेला बसली. मी उगाच चादर सारखी करत राहिले, आणि सई तर सईच.

सिस्टरांनीच तिचा हात धरला. "एक विचारू का व? स्पर्धेचं नाही. ते झालं. मासेवालीनं मासेवालीले विचारावं तसं विचारून राहिली. केवढा होता?"

सईने दोन्ही हात पसरले. मग जरा विचार करून थोडे आत घेतले. "एवढा."

"बापा! अन् ओढला कसा?"

सई सांगू लागली. आधी दोरी नुसती थरथरली, मग एकदम खाली गेली. काठी हातातून निसटणार असं वाटलं. मासा आधी मोटारीच्या खोलीकडे पळाला, मग उलट फिरला. पाण्याच्या वर आला तेव्हा त्याची पाठ तांबूस दिसली. ती सांगत राहिली. हातांनी, मानेने, मध्येच उठून उभी राहून. मिलिंद खिडकीपाशी उभा राहून ऐकत होता. दीड-दोन वर्षांत मी तिला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. मी पदराने तोंड झाकून घेतलं.

तेवढ्यात नर्स आत आली. भेटायची वेळ संपली होती.

"थांबा सिस्टर," आमच्या सिस्टर तिला म्हणाल्या. "मासा अजून तिच्या हातात आहे."

नर्स दाराशी थांबली. सईने दोन्ही हात पाण्यात धरल्यासारखे पुढे केले. थोडा वेळ तसेच ठेवले. मग हळूच उघडले.

"गेला?" सिस्टरांनी विचारलं.

"गेला," सई म्हणाली.